कोणत्या हाताचं बीपी?

तिशीच्या आतल्या मुलाचं किंवा मुलीचं बीपी पुन्हा पुन्हा १४०/९०च्या वर येत असेल, तर डॉक्टर देतील ती गोळी सुरू करा, पण तेवढ्यावर थांबू नका. बीपी वाढलं कशानं, हे त्यांना विचारा. उत्तर पटलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. मी काही डॉक्टर नाही. आदिलाबादला एका खाजगी शाळेत गणित शिकवते. पण हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही की काय होतं, ते मी भोगलं आहे. माझ्यासारख्या तरुण पोरी आमच्या भागात कितीतरी आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव बेला मंडलात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू, दवाखान्यात हिंदी, असा आमचा कारभार. शेती कापसाची. आमच्या घरात बीपी म्हटलं की आजोबा आठवायचे. म्हातारपणी त्यांना गोळी सुरू झाली होती. चोविसाव्या वर्षी, सडपातळ अंगाच्या, तंबाखूला कधी हात न लावलेल्या मुलीला बीपी होईल, हे कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं.

सुरुवात बीपीनं झालीच नाही. आधी बरेच दिवस संध्याकाळी अंग कणकणायचं, बारीक ताप यायचा. वजन उतरलं. सांधे दुखायचे. जेवणावरची वासना गेली. आमच्याकडे गावोगाव आरएमपी असतात. डिग्री नसते, पण रात्री-अपरात्री दार उघडतात, म्हणून लोक पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात. तिथे टायफॉईड ठरला, सलाईन लागलं, सुया झाल्या. ताप गेल्यासारखा वाटायचा आणि परत यायचा. त्याच सुमाराला डावा हात भरून यायला लागला. दोरीवर कपडे वाळत घालताना, वेणी घालताना, ओली चादर पिळताना हात मध्येच खाली सोडावा लागायचा. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा बरं वाटायचं. थंडीत डाव्या हाताची बोटं उजव्यापेक्षा गार लागायची. ही गोष्ट मी आईला सांगितली, आईनं आरएमपीला सांगितली, त्यांनी अशक्तपणा म्हणून लाल रंगाचं टॉनिक दिलं.

मग डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या मानेच्या मागून ठणकत वर यायचं. शाळेत एक दिवस फळ्यावरचे आकडे धूसर दिसले, तेव्हा शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथे पहिल्यांदा बीपी मोजलं, १६८/१०४ आलं. डॉक्टरांनी तेलुगूत समजावलं, ‘टेन्शन पडकम्मा,’ म्हणजे काळजी करू नकोस, आणि अॅम्लोडिपिनची गोळी लिहून दिली. घरी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे बीपीचं कारण सगळ्यांना आपोआप सापडलं. मावशी म्हणाली, ‘तरण्या पोरीले कायचं बीपी? लग्नाचं टेन्शन घेते ते.’

पुढे शाळेत एक आरोग्य शिबिर झालं. तिथे आपोआप फुगणारं मशिन होतं. टेबलाच्या ज्या बाजूला खुर्ची होती, त्या बाजूनं डावा हात पुढे करावा लागायचा. पट्टा फुगला, सैल झाला, काचेवर आकड्याऐवजी एररची खूण आली. पुन्हा फुगवला, पुन्हा तेच. ‘सेल उतरले असतील,’ म्हणून सेल बदलले. मग एकदाचं १०२/७० आलं. शिबिरातल्यांनी सांगितलं, बीपी उत्तम आहे, उलट कमीच आहे, गोळी बंद करा. गोळी बंद झाली. काही दिवसांनी डोकं फुटेल असं दुखलं, आणि त्याच खाजगी दवाखान्यात आकडा १८०च्या पुढे गेला. गोळी दुप्पट झाली, जोडीला दुसरी आली. मग कुठे ११०, कुठे १७६, असं चालूच राहिलं. फाईलमध्ये सगळे आकडे लिहिलेले होते. ते कोणत्या हाताचे, हे एकाही कागदावर नव्हतं. इतकं खाली-वर होतं म्हणजे मनाचंच आहे, असा सगळ्यांचा पक्का समज झाला.

खरं म्हणजे ते सगळे आकडे बरोबर होते. कमी आकडे डाव्या हाताचे होते आणि जास्त आकडे उजव्या.

हे उलगडलं आदिलाबादच्या रिम्समध्ये. २००८ साली सुरू झालेलं हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आमच्या भागातल्या गरिबांचा मोठाच आधार आहे. तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं डावं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग उजवं घेतलं. मग दोन्ही मनगटं एकदम दोन्ही हातांत धरली. मला म्हणाल्या, ‘तुम्हाला इथे ठोका लागतो का बघा.’ उजव्या मनगटावर बोट ठेवलं की टकटक स्पष्ट लागत होती. डाव्यावर काहीच लागत नव्हतं. हाताला रंग होता, बोटं हलत होती, हात जिवंत होता, पण नाडी लागत नव्हती. त्यानंतर त्यांनी दोन्ही दंडांवर बीपी घेतलं आणि दोन्हींत सत्तरच्या आसपास फरक निघाला. मांडीला मोठा पट्टा बांधून पायाचं घेतलं. जांघेतला ठोका बघितला. स्टेथोस्कोप आधी खांद्यापुढच्या आडव्या हाडावर ठेवला, मग पोटावर बेंबीच्या वर उजव्या बाजूला ठेवून डोळे मिटून ऐकत राहिल्या. आत फुसफुस असा आवाज येतो आहे म्हणाल्या. अरुंद झालेल्या नळीतून रक्त घुसतं, त्याचा तो आवाज. या सगळ्याला फार तर दहा मिनिटं लागली असतील. ना सुई, ना पैसे, ना वीज. इतके महिने कुणीही न केलेली ती तपासणी होती.

तिथून त्यांनी हैदराबादला, पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये पाठवलं. बाबा आयुष्यात कधी एवढ्या मोठ्या दवाखान्यात गेले नव्हते. म्हणाले, ‘जाऊ, पन येकदा नीट पाहू.’ कृष्णा एक्सप्रेसनं गेलो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या वाढलेल्या निघाल्या, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू होता. मानेपासून मूत्रपिंडापर्यंतच्या धमन्यांचं सीटी अँजिओ झालं. डाव्या हाताकडे जाणारी धमनी खांद्यापाशी जवळजवळ बंद झालेली आणि उजव्या मूत्रपिंडाची धमनी तोंडाशीच चिंचोळी झालेली. आजाराचं नाव ताकायासू आर्टरायटिस.

हे नाव एका जपानी नेत्रतज्ज्ञाचं. १९०८ साली मिकितो ताकायासू यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं दिसतं, असं जपानच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलं. तेव्हा आणखी दोघा डॉक्टरांनी सांगितलं की, त्यांनी पाहिलेल्या तशाच रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नव्हती. म्हणून याला नाडी नसलेला आजार असंही म्हणतात. आपलीच प्रतिकारशक्ती शरीरातल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींवर हल्ला करते. भिंती सुजतात, जाड होतात, आतली वाट अरुंद होते. आजार दुर्मीळ आहे, बहुतेकदा चाळिशीच्या आत सुरू होतो आणि बायकांना जास्त होतो. हा संसर्गानं पसरत नाही. खाण्यापिण्यानं, नजर लागल्यानं किंवा कुणाच्या करणीनं होत नाही. भारतातल्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अधिक वेळा सापडतात, म्हणून आपल्याकडे वाढलेलं बीपी हेच अनेकदा याचं पहिलं लक्षण असतं. हे मला तिथे कळलं आणि सगळ्यात जास्त मनाला लागलं. ज्या लक्षणाला घरी लग्नाचं टेन्शन म्हणत होते, ते लक्षण डॉक्टरांच्या पुस्तकात या आजाराच्या पहिल्या ओळीत आहे.

मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्यावर सगळ्या अंगाचं बीपी का वाढावं, हे मी डॉक्टरांना विचारलं. शेतकऱ्याला ते सहज समजेल. ठिबकची नळी मध्येच दबली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, आणि तिथला माणूस ओरडतो, मोटार जोरात चालवा. मूत्रपिंड तेच करतं. आपल्याला रक्त कमी मिळतंय म्हणजे सगळ्या शरीरातलंच बीपी कमी झालंय, असं समजून ते रेनिन नावाचं द्रव्य सोडतं. त्यानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढत जातं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्यांना चिमटे लावून हे सिद्ध केलं होतं. चिमटा तसाच ठेवून नुसतं बीपी खाली ढकलत राहिलं, तर गोळ्या वाढत जातात आणि ते मूत्रपिंड हळूहळू आक्रसत जातं.

उपचार लांबलचक आहेत. आधी टीबी नाही ना हे तपासलं, कारण पुढची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी असतात आणि आत झोपलेला टीबी त्यांनी उठू शकतो. मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड मोठ्या डोसात सुरू झालं आणि जोडीला मेथोट्रेक्सेट. इथे एक गोष्ट ठासून सांगते. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे औषधाच्या दुकानात कुणीही पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून देतो, म्हणून बाबांनी कॅलेंडरवर फक्त रविवारी लाल टिकली लावली. गोळी त्याच दिवशी त्यांच्या हातून मिळते.

स्टिरॉईडनं माझा चेहरा गोल झाला, गाल भरले. गावात बायका म्हणायला लागल्या, पोरीची तब्येत सुधारली. चेहऱ्याला कंटाळून आणि लोकांच्या बोलण्याला वैतागून ही गोळी मनानं बंद करणाऱ्या मुली मी निम्सच्या व्हरांड्यात पाहिल्या आहेत. स्टिरॉईड एकदम बंद केलं तर शरीराची स्वतःची तशी संप्रेरकं तयार करणारी यंत्रणा झोपलेली असते, आणि माणूस कोसळू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, पायरी-पायरीनं. आणि हो, याच स्टिरॉईडनं बीपी आणि साखरही वाढते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून तपासण्या चुकवता येत नाहीत.

दाह शांत झाल्यावर, मांडीच्या धमनीतून बारीक तार नेऊन, फुगा फुगवून मूत्रपिंडाची वाट रुंद केली. दाह पेटलेला असताना ही प्रक्रिया शक्यतो करत नाहीत, कारण वाट पुन्हा बुजण्याची भीती जास्त असते. त्यानंतर बीपी उतरत गेलं आणि आता एका गोळीवर ताब्यात आहे. डाव्या हाताला शरीरानं बारीक बारीक आडवाटांनी रक्त पोचवायला सुरुवात केली होती, म्हणून त्या धमनीला हात लावला नाही. खर्चाचं म्हणाल तर तेलंगणात आरोग्यश्री आहे. २००७ साली संयुक्त आंध्रात सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपये आहे. दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राची खिडकी शोधायची, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं आणि कुठली प्रक्रिया योजनेत बसते ते विचारून घ्यायचं. नदीपलीकडच्या नातेवाइकांनी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला विचारावं. एका राज्याचं कार्ड घेऊन दुसऱ्या राज्यात धावण्याआधी ही चौकशी केली, तर सीमेवरच्या माणसाची बरीच पायपीट वाचते.

आता इतरांसाठी. तरुणपणी बीपी वाढलेल्या प्रत्येकाला माझाच आजार असेल, असं मुळीच नाही. तो फार थोड्यांना होतो. अनेकांमध्ये तर शोधूनही वेगळं कारण सापडत नाही. वजन, मीठ, घराण्यातली ठेवण यांनीच ते वाढलेलं असतं. पण वय जितकं कमी, बीपी जितकं जास्त आणि जितकं एकाएकी वाढलेलं, तितकी मागे काहीतरी दडलेलं असण्याची शक्यता वाढते. वजन बेताचं, घरात कुणाला लहान वयात बीपी नाही, आणि तरी आकडा वर. तीन-तीन गोळ्या देऊनही बीपी हटत नाही. आजवर ताब्यात असलेलं एकदम उसळलं. ही ठळक चिन्हं.

सगळ्यात आधी मूत्रपिंड तपासा. तरुणांच्या बीपीमागे सापडणाऱ्या कारणांत मूत्रपिंडाचे आजार फार वरच्या क्रमांकावर आहेत, आणि ते बहुतेकदा दुखत नाहीत. लघवीला फेस येतो आणि तो पटकन बसत नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज येते. लघवीचा रंग चहासारखा होतो. कित्येकदा यातलं काहीच नसतं आणि फक्त बीपीच बोलतं. लघवीतलं प्रथिन आणि रक्तपेशी, रक्तातलं क्रिएटिनीन, सोडियम-पोटॅशियम, साखर, थायरॉईड, ईसीजी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, एवढं तरी तरुण रुग्णाचं झालंच पाहिजे. लघवीची साधी तपासणी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, ती मागून घ्या.

पोटॅशियमकडे विशेष लक्ष द्या. ते कमी असेल, पायातली शक्ती जात असेल, गोळे येत असतील, तर मूत्रपिंडावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त सोडत असू शकते. १९५५ साली जेरोम कॉन यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, म्हणून त्याला कॉनचा आजार म्हणतात. त्याच ग्रंथीत कधीकधी एक वेगळी गाठ होते. तिच्यामुळे छातीत धडधड, दरदरून घाम आणि भयंकर डोकेदुखी यांचे झटके येतात. अशा माणसाला भुताटकी झाली म्हणून देवऋषाकडे नेलेलं मी पाहिलं आहे. काहींची महाधमनी जन्मापासूनच छातीत एका जागी आवळलेली असते. त्यांचं हाताचं बीपी जास्त आणि पायाचं कमी असतं, चालताना पोटऱ्या दुखतात. ती ओळखायला जांघेतला ठोका बघावा लागतो आणि तो बघायला संकोच वाटतो, म्हणून राहून जातो. डॉक्टरांनी जांघेत हात लावायचं म्हटलं, तर मुलींनी जवळ आईला किंवा नर्सला उभं करावं, पण तपासणी टाळू नये.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या बायका कंबर मोडेपर्यंत वाकतात आणि संध्याकाळी किराणा दुकानातून गोळी आणतात. डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉईड मिसळलेलं असतं. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, पाळणा लांबवायच्या किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, जिममधल्या पावडरी, हे सगळं डॉक्टरांना सांगा. घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही सांगा. ते औषध म्हणून थोडं घ्यायला हरकत नसली, तरी सतत आणि भरपूर घेतल्यानं पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं. जाड मान, मोठं घोरणं आणि दिवसभर झोप येणं असेल, तर त्याचाही बीपीशी संबंध आहे.

मोजण्याची रीत चुकली तर पुढचं सगळंच चुकतं. लघवी करून या. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, ब्लाऊजच्या बाहीवर किंवा स्वेटरवर नाही. दंड छातीच्या पातळीला हवा, हात टेबलावर टेकलेला हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजा. वरच्या आकड्यात दहापर्यंतचा फरक पुष्कळांना असतो. वीसच्या वर फरक वारंवार येत असेल, तर त्याचं कारण शोधायला हवं. आणि यापुढे कायम, ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात धरायचा. मशिननं एरर दाखवला तर सेल बदला, पण दुसरा हातही मोजा आणि मनगटावर बोट ठेवून ठोका बघा.

आकडा १८०/१२०च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, दिसेनासं होणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं किंवा झटके असतील, तर आरएमपीचं दार ठोठावण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा.

लग्नाबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्या भागात हा आजार लपवण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. मावशीनं आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘हे कोनाले सांगू नको, सोयरीक तुटन.’ तिच्या बोलण्यात माया होती, हे मला माहीत आहे. पण लपवून लग्न झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागल्या असत्या आणि मग सुटल्या असत्या. दिवस राहिले असते, तर मेथोट्रेक्सेटनं गर्भाला गंभीर इजा होऊ शकली असती. बीपीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्याही पोटातल्या बाळाला घातक असतात. शिवाय मूत्रपिंडाच्या दोन्ही धमन्या अरुंद असतील, तर याच गोळ्यांनी क्रिएटिनीन वाढू शकतं. त्यामुळे तरुण मुलीला त्या सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत रक्त तपासायला सांगितलं, तर कंटाळा करू नका. या आजारात मूल होऊ शकतं. पण आधी डॉक्टरांना सांगून औषधं बदलावी लागतात, आजार शांत असावा लागतो, आणि गरोदरपणात बीपीवर कडक नजर ठेवावी लागते. ज्या घरात हे उघड बोलता येत नाही, त्या घरात हे होऊ शकत नाही. माझ्या आईनं आलेल्या प्रत्येक स्थळाला फाईल दाखवली. काही माघारी गेले. किनवटकडच्या एका घरानं फाईल घेऊन स्वतःच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं आणि मग बोलणी पुढे नेली. ही पद्धत मला योग्य वाटते.

मला आयुष्यभर तपासण्या आहेत. ईएसआर चांगला आला म्हणजे आजार झोपला असं होत नाही. रक्त साफ असतानाही धमनीची भिंत आत सुजत राहू शकते, म्हणून अधूनमधून स्कॅन करावं लागतं. मी शाळेत परत शिकवते आहे. डाव्या हातानं वजन उचलत नाही, उजव्या हातानं फळा भरते.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती रुग्णांना कमी, मोजणाऱ्यांना जास्त आहे. पीएचसीतल्या नर्सताई, आशाताई, एएनएम, गणपती मंडळांत आणि शाळांत शिबिरं भरवणारे कार्यकर्ते, औषधाच्या दुकानात मशिन ठेवणारे दुकानदार, तुम्ही सगळे बीपीचा आकडा चिठ्ठीवर लिहिता. त्याच्यापुढे ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढा एक शब्द लिहीत जा. माझ्या फाईलमधल्या प्रत्येक आकड्यापुढे तो असता, तर फाईल चाळणाऱ्या पहिल्याच डॉक्टरांच्या लक्षात आलं असतं.